रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली? नारायण मेघाजी लोखंडेंची गोष्ट आणि धाराशिवचा आजचा प्रश्न

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यामागे एका स्टोअरकीपरची अनेक वर्षांची मेहनत होती. आज ७० तास, ९० तास कामाची चर्चा सुरू असताना हा इतिहास काय सांगतो? समजून घेऊया.

थोडक्यात

- भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) ओळखले जातात.
- १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती.
- सुट्टी प्रत्यक्षात मिळायला सहा वर्षं लागली. १८९१ च्या कायद्यात आठवडी सुट्टी आली.
- धाराशिव जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांसारख्या अनेकांच्या आठवड्यात आजही रविवार नाही.

धाराशिव : आज १० जून. शनिवारी रात्री आपण मोबाईलचा अलार्म बंद करतो, उद्या उशिरा उठायचं ठरवतो, मुलांना कुठे न्यायचं ते बघतो. रविवार सुट्टीचा असतो हे आपण इतकं गृहीत धरलंय की तो कधीतरी मागावा लागला होता, हे लक्षातही येत नाही. तो मागणाऱ्या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं.

जास्त काम न करताही चांगलं काम कसं होईल, यावर आज भरपूर बोललं जातं. मोबाईलवर त्यासाठी ॲप आहेत, व्हिडिओ आहेत. बहुतेक सल्ले एकट्या माणसाला दिलेले असतात : लवकर झोपा, यादी करा, नाही म्हणायला शिका. लोखंडेंचं आयुष्य वाचलं की प्रश्न वेगळ्या बाजूने दिसतो. थकलेल्या माणसाला विश्रांतीची गरज कळत नव्हती, असं तेव्हाही नव्हतं. अडचण ही होती की एकट्याने विश्रांती घेतली तर त्याची मजुरी जायची किंवा नोकरी जायची. त्यामुळे विश्रांतीचा दिवस आधी ठरलेला आणि सगळ्यांसाठी एकच असावा लागतो. लोखंडेंनी मिळवलं ते हेच.

कोण होते नारायण मेघाजी लोखंडे?

लोखंडेंचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. कुटुंब मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं आणि पोटासाठी नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेत, मग पोस्टात आणि त्यानंतर मुंबईतल्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले.

ही तिसरी नोकरी निर्णायक ठरली. गिरणीचा स्टोअरकीपर ना मालक असतो, ना साच्यावरचा कामगार. सामान किती आलं, किती गेलं याचा हिशोब त्याच्याकडे असतो आणि दिवसभर खात्यातली माणसं त्याच्या खिडकीशी येत-जात असतात. लिहिता-वाचता येणारा, आकडे कळणारा आणि कामगारांमध्ये वावरणारा माणूस तेव्हा गिरणीत दुर्मीळ होता. लोखंडे तसे होते.

विचारांची बैठक त्यांना महात्मा जोतीराव फुले यांच्याकडून मिळाली. फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. मुंबईत या समाजाचं काम करणाऱ्या प्रमुख कार्यकर्त्यांमध्ये लोखंडे होते. गिरणीत राबणारे लोक बहुतांश कोकण आणि घाटावरच्या शेतकरी, कारागीर आणि दलित जातींमधून आलेले होते. शेतकऱ्याच्या शोषणाबद्दल फुले जे मांडत होते, तेच गिरणीच्या आत कसं चालतं हे लोखंडेंना रोज दिसत होतं.

तेव्हा गिरणीतला दिवस किती तासांचा होता?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. विजेचे दिवे अजून आलेले नव्हते. त्यामुळे कामाची वेळ घड्याळावर ठरत नसे, सूर्यावर ठरे. उजाडलं की साचे सुरू, मावळलं की बंद.

याचा हिशोब करून बघू. मुंबईत हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमधला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे वर्षाची सरासरी १२ तासांची. सुट्टी नसेल तर आठवड्याला ८४ तास. जून महिन्यात हा आकडा ९० च्या पुढे जातो. हल्ली एखाद्या बड्या उद्योजकाने ९० तासांची भाषा केली की सोशल मीडियावर वाद पेटतो. मुंबईच्या कामगाराने तो आठवडा १४० वर्षांपूर्वीच करून बघितला होता आणि त्याला तो नको होता.

दुपारी जेवायला मिळणारा वेळ अपुरा, तोही गिरणी ठरवेल तसा. कापसाचे तंतू आणि धूळ हवेत. पगार महिना उलटून बरेच दिवस गेल्यावर हातात पडायचा, त्यामुळे दुकानदाराची आणि सावकाराची उधारी कायमची. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रं साफ करायला कामगारांना बोलावलं जाई. हात यंत्रात गेला तर पुढचं त्याचं त्याने बघायचं.

कायदा नव्हता का?

होता, पण मोठ्या माणसांसाठी नव्हता. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांनी पाठपुरावा केल्यावर १८८१ मध्ये भारताचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, ७ ते १२ वयाच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या, असं त्याने ठरवलं.

प्रौढ स्त्री-पुरुषांचे तास हा मालक आणि कामगार यांच्यातला खासगी करार मानला जात होता. त्यात सरकारने पडू नये, असा तेव्हाचा विचार. दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांना भारतात कडक कायदा हवा होता. कारण सरळ होतं : मुंबईचं स्वस्त कापड त्यांच्याशी स्पर्धा करत होतं. त्यामुळे इथली अनेक वर्तमानपत्रं फॅक्टरी कायद्याकडे परदेशी कावा म्हणून बघायची. या ओढाताणीत खुद्द कामगाराचं म्हणणं काय आहे, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

‘दीनबंधू’ का महत्त्वाचं ठरलं?

सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केलं होतं. आर्थिक ओढीमुळे ते अडचणीत आलं. १८८० मध्ये लोखंडेंनी ते हाती घेतलं आणि मुंबईतून चालवलं.

या पत्रामुळे दोन गोष्टी झाल्या. गिरणीच्या भिंतीआडचं जगणं छापून बाहेर येऊ लागलं. आणि वेगवेगळ्या गिरण्यांमधल्या कामगारांना कळू लागलं की आपल्या खात्यातला त्रास दुसऱ्या गिरणीतही तसाच आहे. वाचता येणारा एखादाच असे, तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, असा तो काळ. एकेकट्याची तक्रार सगळ्यांची मागणी होण्याआधी ही पायरी लागते.

१८८४ : काय मागितलं?

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. लोखंडेंनी संधी ओळखली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. ज्यांतल्या अनेकांना लिहिता येत नव्हतं, अशा माणसांकडून मोबाईल नसलेल्या काळात एवढ्या सह्या गोळा करायच्या होत्या.

निवेदनातल्या मागण्या मोजक्या होत्या :

- दर रविवारी सगळ्या कामगारांना पूर्ण सुट्टी.
- दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती.
- काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं.
- मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.
- कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची सोय व्हावी.

साडेसहाच्या मागणीकडे नीट बघा. तेव्हाची मुंबईची स्थानिक वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. त्या घड्याळात जूनमधला सूर्योदय साधारण ५ वाजून २० मिनिटांनी व्हायचा आणि जानेवारीतला साडेसहाच्या सुमाराला. म्हणजे या एका मागणीने उन्हाळ्यात तासाभराहून जास्त वेळ वाचत होता आणि हिवाळ्यात मालकाचं काहीच जात नव्हतं. मागणी मान्य झाली असती तरी जूनमध्ये कामगार दुपारची सुट्टी वगळून पावणेबारा तासांच्या आसपास कामावर असता.

या मागण्यांत कमी कामाचा हट्ट दिसत नाही. काम सुरू कधी होणार, मध्ये कधी थांबणार, कुठल्या दिवशी बंद राहणार आणि पैसे कधी मिळणार, हे आधी ठरवून हवं होतं. ज्याला उद्याचा दिवस कधी संपेल हे माहीत नसतं, त्याला घरचं काहीच ठरवता येत नाही.

याच सभांमधून ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. आजच्या युनियनसारखी वर्गणी, सभासदांची यादी किंवा लिखित घटना या संघटनेला नव्हती. तरीही गिरणी कामगारांच्या वतीने बोलणारं एक नाव सरकारदरबारी आणि मालकांसमोर पहिल्यांदा उभं राहिलं.

मग सहा वर्षं का लागली?

आयोगाचा अहवाल आला, पण प्रौढांच्या सुट्टीचा कायदा झाला नाही. लोखंडेंनी विषय सोडला नाही. ‘दीनबंधू’तून लिखाण, पुन्हा निवेदनं, पुन्हा सभा असं चालू राहिलं.

सुट्टीचा वार रविवारच का, यालाही कारण होतं. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही लोखंडेंच्या मांडणीत होता, असं त्यांच्यावरच्या लिखाणात सांगितलं जातं. जेजुरीला जाणाऱ्या घाटावरच्या माणसाला, आणि आपल्याकडे अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला मानणाऱ्यालाही, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. साहेबाची सुट्टी मागतोय, असा आरोप त्यामुळे टिकत नव्हता. लोकांच्या जगण्यात आधीच महत्त्व असलेला वार त्यांनी निवडला.

१० जून १८९० ला नेमकं काय झालं?

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर गिरणी कामगारांची मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. बाईने चारचौघांत बोलणं हेच जिथे नवल होतं, तिथे दहा हजार लोकांसमोर दोघी बोलल्या. सुट्टीचा प्रश्न त्यांच्यासाठी दुप्पट मोठा होता, कारण गिरणी सुटली की घरचं काम सुरू व्हायचं.

सभेतून रविवारच्या सुट्टीचं निवेदन गिरणी मालक संघाकडे गेलं. १० जून १८९० रोजी मालक संघाने ते मान्य केलं आणि मुंबईच्या गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या. आठवड्याच्या ८४ तासांतले १२ एका निर्णयाने कमी झाले, म्हणजे सातवा हिस्सा. मुलांच्या पलीकडे प्रौढ कामगारांनाही आठवड्याला एक दिवस मिळाला आणि तो सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला.

ही बातमी महात्मा फुल्यांच्या हयातीत आली. त्यानंतर पाचच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, त्यांचं निधन झालं.

सुट्टी मिळाल्यावर लोखंडे थांबले का?

नाही. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडेंना घेण्यात आलं. त्यातून १८९१ चा फॅक्टरी कायदा आला. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात लिहिली गेली. स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली आणि ९ ते १४ वयाच्या मुलांना सात तास ठरले. कायदा ५० कामगारांच्या कारखान्यांपर्यंत खाली आला. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र मर्यादा नव्हती. ती कापड गिरण्यांमध्ये १९११ च्या कायद्याने आली, तीही १२ तासांची.

१८९० मध्येच मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार द्यावा, यासाठी लोखंडेंनी त्यांना संघटित केलं. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा कामगार वस्त्यांमध्ये सलोखा राखण्यासाठी ते फिरले आणि राणीच्या बागेत एकतेची परिषद भरवली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडू लागल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कोरोनाच्या काळात आपण ज्याचं नाव वारंवार ऐकलं, तोच हा कायदा. लोखंडे वस्त्यांमध्येच राहिले. रुग्णांची सोय करणं, त्यांच्यासाठी दवाखाना उभारणं यात ते गुंतले होते. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

२००५ मध्ये लोखंडेंच्या नावाने टपाल तिकीट निघालं. मुंबईत परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने चालते.

सुट्टी दिल्याने काम घटतं का?

मालकांची तेव्हाची भीती हीच होती आणि आजही हाच प्रश्न विचारला जातो. याचं चांगलं उत्तर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या नोंदींमध्ये आहे. ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन दोन्ही मोजले गेले होते. त्या नोंदींचा स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये नव्याने अभ्यास केला.

आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले तसं उत्पादन वाढत गेलं. त्यापुढे वाढ मंदावली. ५६ तास काम करणारे आणि ७० तास काम करणारे यांच्या उत्पादनात फारसा फरक उरला नाही. म्हणजे वरचे १४ तास, रोजचे दोन, जवळपास वाया गेले. रविवारी सुट्टी न देता काम चालू ठेवलं की आठवड्याच्या उत्पादनालाच फटका बसतो, हेही त्यात दिसलं.

तब्येतीचा हिशोब वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

धाराशिवपर्यंत हा रविवार कधी आला?

लोखंडे मुंबईत लढत होते तेव्हा आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हद्दीतला १८९१ चा कायदा इथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबर १९४८ रोजी, स्वतंत्र भारताचा कारखाने कायदा झाला. आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर ही चौकट त्यात आली. लोखंडेंची परळमधली पहिली सभाही २३ सप्टेंबरलाच झाली होती, ६४ वर्षं आधी. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येणार नाही, ही तरतूद कायम आहे.

कायद्याच्या आधीही इथल्या जगण्यात थांबायचे दिवस होते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते. येळवशीला घरची चूल शेतात जाते आणि सगळं गाव शिवारात जेवतं. तुळजापूरची भवानीमाता वर्षातून तीनदा सिंहासनावरून पलंगावर निद्रेला जाते. त्यातली दसऱ्यानंतरची निद्रा श्रमनिद्रा म्हणूनच ओळखली जाते. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे : दिवस आधी ठरलेला असतो आणि तो सगळे पाळतात. बैल थकलाय का, हे पोळ्याला कुणी तपासत नाही.

आज कुणाकडे रविवार नाही?

सगळ्यात आधी ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमाराला भूम, वाशी, कळंब या तालुक्यांमधून टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. पैसे टनावर. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाई पहाटे उठून कोपीपुढे स्वयंपाक करते आणि मग फडात जाते. खाडा पडला की पैसे कापले जातात, अनेक ठिकाणी वर दंड बसतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. पाळीत किंवा आजारपणात एक दिवसही थांबता येत नाही, हा मुद्दा त्या वेळी ठळकपणे पुढे आला. टनावर मजुरी असलेल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस आराम करा, असा सल्ला देण्याला काही अर्थ नाही. त्याच्या करारात तो दिवस असावा लागेल.

दुसऱ्या आहेत घरातल्या बायका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. रविवारी सगळे घरी असतात म्हणून त्यांचं काम उलट वाढतं.

तिसरा गट दुकानं, हॉटेलं, डिलिव्हरी आणि मोबाईलवर चालणाऱ्या नोकऱ्यांचा. सुट्टी कागदावर असते, पण ऑफिसच्या ग्रुपवर रविवारीही मेसेज येतात आणि निळी टिक दिसली की उत्तर द्यावं लागतं.

लोखंडेंच्या कामातून आज काय घेता येईल?

- आधी तास मोजा. उजेड आहे तोवर काम, ही मोजणी नव्हती. साडेसहा ते सूर्यास्त ही मोजणी होती. एक आठवडाभर आपण किती वाजता काम सुरू केलं आणि किती वाजता थांबवलं, हे नोंदवलं की वाद कमी होतो.
- मागण्या थोड्या आणि स्पष्ट ठेवा. कामाचा ताण फार आहे, यावर साहेब मान हलवतो आणि विषय संपतो. रात्री आठनंतरच्या मेसेजला सकाळी उत्तर चालेल, यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं.
- दिवस सगळ्यांचा एक ठेवा. एक दुकान बंद आणि शेजारचं चालू असेल तर बंद ठेवणाऱ्याचं गिऱ्हाईक जातं. पूर्ण बाजारपेठ एकाच वारी बंद असेल तर कुणाचंच जात नाही.
- घरातही वार ठरवा. रविवारी एक वेळचा स्वयंपाक दुसऱ्याने करायचा हे ठरलं असेल, तर दर वेळी मागावं लागत नाही.
- निकडीच्या दिवशी काम झालं तर बदली सुट्टी लिहून घ्या. पेरणी, निवडणूक, साथ, यात्रा अशा वेळी सगळे राबतातच. तो दिवस नंतर परत मिळाला पाहिजे.

ऊसतोडीच्या बाबतीत तर वेळ हीच आहे. टोळ्या सध्या गावात आहेत. पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी पावसाळ्यातच होतात. किती कोयते, किती उचल, कुठला कारखाना, हे त्यात ठरतं. आठवड्यातून एक दिवस फड बंद आणि त्या दिवसाचा खाडा नाही, हे कलम कारखाना, मुकादम आणि टोळी यांच्यात ठरायचं असेल तर ते आत्ताच ठरावं लागेल. फडात उतरल्यावर कोयत्याच्या हातात काही राहत नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्य सरकारने गोपीनाथ मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केलेलं आहे. त्याने हे एक कलम हाती घेतलं तर १८८४ च्या निवेदनातली पहिली मागणी उसाच्या फडापर्यंत पोहोचेल.